पखवाजाला कणीक कोण लावणार?

एप्रिल संपत आला की छत्रपती संभाजीनगरमधल्या पुंडलिकनगरच्या रस्त्यावर विजेच्या खांबांना दोन तऱ्हेच्या जाहिराती लटकू लागतात. एका तऱ्हेत झुंबा, कॅलिग्राफी, वैदिक गणित, मातीकाम, ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ असं सगळं एकाच फ्लेक्सवर असतं. वेळ सकाळी सात ते नऊ, मुदत दहा दिवस, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र. दुसऱ्या तऱ्हेची जाहिरात साधी असते आणि बहुधा मंदिराच्या फळ्यावर नाहीतर व्हॉट्सॲपच्या गटावर येते: निवासी वारकरी बालसंस्कार शिबिर, पंधरा दिवस ते महिना, येताना ताट-वाटी-तांब्या, अंथरूण-पांघरूण, वही-पेन, पांढरा सदरा-पायजमा आणि असल्यास टाळ आणावेत. शहरातले शिकलेले लोक पहिल्या जाहिरातीला कलाशिबिर म्हणतात आणि दुसरीला धार्मिक कार्यक्रम. या लेखाचं म्हणणं उलट आहे. कलेचं शिक्षण जिथे खरोखर घडू शकतं असं शिबिर त्या दुसऱ्या पत्रकात आहे, कारण तिथे मुक्काम आहे. आणि कामगारवस्तीतल्या मुलांसाठी असा मुक्काम कलेच्या नावाने कोणी उभा केलेला नाही, ही आपल्या सांस्कृतिक व्यवहारातली मोठी उणीव आहे.

मुक्कामाने नेमकं काय होतं, ते पखवाजाच्या शिक्षणात उघड दिसतं. पखवाजाच्या उजव्या पुडीवर शाई कायमची बसवलेली असते. डाव्या पुडीला मात्र दर वेळी ओली कणीक लावावी लागते. ती किती सैल मळायची, पुडीच्या मधोमध किती जाड थापायची, यावर खर्जाचा आवाज ठरतो. उन्हाळ्यात ती वाजवता वाजवता सुकते, मग पाण्याचा हात फिरवावा लागतो. वाजवून झालं की खरवडून काढायची, नाहीतर कातडं खराब होतं. उजवी बाजू स्वरात आणायला गठ्ठ्यांवर हातोडीने ठोकत, कान लावून बसावं लागतं. तासाभराच्या क्लासला येणाऱ्या मुलाला यातलं काहीच करावं लागत नाही. शिक्षकाने वाद्य लावून ठेवलेलं असतं, मूल येतं, बोल वाजवतं, जातं. निवासी शिबिरात पहाटे काकड्याच्या आधी कोणीतरी मोठा मुलगा लहानग्याला कणीक मळायला बसवतो. पहिले दोन दिवस ती फार पातळ होते, आवाज भसाडा येतो, सगळे हसतात. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच मुलाला आवाजावरूनच कळतं, की कणीक जास्त झाली. हे ज्ञान कोणत्याही वेळापत्रकात तास म्हणून बसवता येत नाही. ते रिकाम्या वेळात, कामाच्या निमित्ताने, आपल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलाकडून मिळतं. नाटकात नेपथ्याच्या चौकटी उचलणं, नृत्यात घुंगरांची दोरी ओवणं, चित्रात कुंचले धुणं हे सगळं याच जातीचं काम आहे. दोन तासांच्या वर्गात हे काम सेवक किंवा आई करते आणि मुलाच्या वाट्याला कलेचा फक्त वरचा थर येतो.

पुंडलिकनगरसारख्या वस्तीत याला आणखी एक, अगदी साधं कारण आहे: घरात जागा नाही. गारखेड्याच्या बाजूला पसरलेली ही वस्ती गुंठेवारीतून वाढली. जालना, बीड, परभणीकडच्या गावांतून आलेल्या माणसांनी अर्धा-एक गुंठा घेतला, दोन खोल्या टाकल्या, मग वर मजला चढवला. ही घरं नियमित करण्यासाठी राज्याने 2001मध्ये गुंठेवारीचा कायदा केला आणि 2021मध्ये त्यात दुरुस्ती करून 31 डिसेंबर 2020पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. कागद मिळाला, खोली मोठी झाली नाही. चिकलठाणा, शेंद्रा, वाळूजच्या कारखान्यांत तीन पाळ्या चालतात. रात्रपाळी करून आलेला बाप दुपारपर्यंत झोपलेला असताना त्याच खोलीत मुलगा पखवाज कुठे वाजवणार? कथक शिकणाऱ्या मुलीने ततकार करायचा तर खालचे भाडेकरू वर येतात. मुलांमध्ये चिकाटी नाही, क्लास लावला की महिन्यात सोडतात, अशी तक्रार शिक्षक करतात. शिकलेलं घोटायला चार भिंती आणि दोन तास लागतात, आणि नेमके तेच घरात नसतात. ज्याच्या बंगल्यात वरची खोली मोकळी आहे त्याला दिवसाचा वर्ग पुरतो. ज्याच्याकडे ती नाही त्याला मुक्कामाचं शिबिर लागतं. म्हणजे निवासी शिबिराची गरज ज्याला सर्वांत जास्त, त्याच्यापर्यंत ते सर्वांत कमी पोचतं.

मराठी रंगभूमीचा आणि संगीताचा इतिहास याच्या बाजूने साक्ष देतो, आणि ती साक्ष सगळीच गोड नाही. संगीत नाटकांच्या काळात कंपनीचं ‘बिऱ्हाड’ हीच शाळा होती. केशवराव भोसले पोरवयात स्वदेशहितचिंतक मंडळीत गेले आणि 1908मध्ये, अठराव्या वर्षी, त्यांनी ललितकलादर्श काढली. दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर मंडळीत वाढले आणि 1918मध्ये बलवंत संगीत मंडळीच्या भागीदारांत आले. ही माणसं शिकली ती तालमीत, पंगतीत, बैलगाडीच्या आणि आगगाडीच्या प्रवासात. त्याच बिऱ्हाडांत कितीतरी पोरांचं शिक्षण बुडालं, आवाज फुटल्यावर त्यांना कोणी विचारलं नाही, हेही खरं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि पुढे मुंबईत शिष्यांना राहायला-जेवायला घालून शिकवलं. त्या पंगतीतून ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर निघाले, पलुसकरांची मुंबईची इमारत मात्र कर्जापायी गेली. मुक्काम घडवतो, आणि मुक्काम बुडवतोही. पुढच्या शतकभरात मराठी संगीतशिक्षण वर्ग, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांच्याकडे वळलं, त्याच्या मुळाशी हा खर्चही आहे. आज दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात म्हणून परीक्षेला बसणारी मुलं पाहिली, की त्या वळणाने आपल्याला कुठे आणलं ते दिसतं.

पलुसकरांना जो खर्च झेपला नाही, तो दुसऱ्या एका विष्णूने वेगळ्या वाटेने सोडवला. विष्णुबुवा जोगांनी 1917मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. अभ्यासक्रम चार वर्षांचा, फी नाही, विद्यार्थी धर्मशाळांतून राहायचे आणि माधुकरी मागून जेवायचे. संस्थेने मोठी इमारत उभी करण्याआधी गावाच्या चुलीवर विश्वास टाकला. मराठवाड्यातली आजची उन्हाळी बालसंस्कार शिबिरं ही त्याच झाडाची लहान रोपं आहेत. शिकवणारे बहुतेक आळंदीहून शिकून आलेले तरुण, जागा मंदिराची किंवा मंगल कार्यालयाची, जेवण अन्नदात्यांचं. वैजापूरच्या बाजूला सराला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह ज्याने पाहिला आहे, त्याला गावोगावच्या भाकरी आणि कढईतली आमटी यांवर किती माणसं जेवू शकतात, हे सांगावं लागत नाही. पश्चिमेतलं सगळ्यात नावाजलेलं निवासी कलाशिबिर, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं इंटरलॉकन, 1928मध्ये जोसेफ मॅडी यांनी सुरू केलं. शाळांच्या ऑर्केस्ट्रांमध्ये वाजवणाऱ्या मुलांना उन्हाळ्यात तळ्याकाठी एकत्र ठेवायचं, ही त्यामागची कल्पना. ते आज फार मोठं आहे आणि फार महागही. आपल्याकडचे श्रीमंत पालक अशा परदेशी शिबिरांची माहितीपत्रकं चाळतात. त्याच वेळी आपल्या गल्लीतला पंक्चरवाल्याचा मुलगा महिनाभर फुकट पखवाज शिकून येतो, याची कोणाला दखलही नसते.

ही सवय केवळ वारकऱ्यांपुरतीही नाही. शहरातली बौद्ध कुटुंबं उन्हाळ्यात मुलांना दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला पाठवतात. राष्ट्र सेवा दलाने तर 1941पासून शिबिर हेच शिक्षणाचं मुख्य साधन मानलं. त्याच्या कलापथकात वसंत बापट, लीलाधर हेगडे, निळू फुले यांच्यासारखी माणसं होती, आणि शिबिरात बसवलेली गाणी-नाट्यं गावोगाव गेली. म्हणजे पोरांना पंधरा दिवस घराबाहेर ठेवायला आमचे पालक तयार नसतात, हे कलेच्या लोकांचं नेहमीचं रडगाणं खरं नाही. पालक तयार असतात. ज्यांच्यावर विश्वास आहे त्यांच्याकडेच पाठवतात, एवढंच.

शहराच्या दुसऱ्या टोकाचं उदाहरणही इथेच आहे. सिडकोतल्या एमजीएमच्या आवारात 1996मध्ये सुरू झालेलं महागामी गुरुकुल पार्वती दत्ता यांच्या मार्गदर्शनाखाली कथक आणि ओडिसी शिकवतं. माती-दगडाच्या त्या वास्तूत शिकणं आणि राहणं यांची सांगड मुद्दाम घातलेली आहे. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाच्या नावाने तिथे दरवर्षी समारोह होतो. पुंडलिकनगरपासून हे काही लांब नाही. पण शास्त्रीय नृत्याचं गुरुकुल वर्षानुवर्षांची निष्ठा मागतं, आणि ते मागणं योग्यच आहे. पंधरा दिवसांपुरती चव घेऊ पाहणाऱ्या, अजून आपल्याला काय आवडतं हे न कळलेल्या आठवीतल्या मुलासाठी ते नाही. ते काम दुसऱ्या कोणी करायला हवं. विद्यापीठात सत्तरच्या दशकापासून नाट्यशास्त्र विभाग आहे, शहरात शासकीय कला महाविद्यालय आहे, ‘जिगीषा’सारखी नाट्यसंस्था याच शहरात जन्मली आणि तिच्या लोकांनी पुढे मराठी रंगभूमीला वळण दिलं. 2011च्या जनगणनेत पावणेबारा लाख लोकसंख्या असलेल्या या शहरात शिकवू शकणाऱ्यांचा तुटवडा नाही. संत एकनाथ रंगमंदिर दुरुस्तीसाठी कित्येक वर्षं बंद होतं, तेव्हा नाट्यवेड्यांनी आंदोलनं केली. तोच आवाज मुलांच्या मुक्कामासाठी कधी उठला नाही.

आता आक्षेप. पहिला सरळ आहे: वारकरी शिबिराचा हेतू भक्ती आहे, कला नव्हे, मग तुम्ही त्याला कलाशिबिर कसं ठरवता? आक्षेप बरोबर आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. त्या शिबिरात मुलाने काय वाजवायचं हे आधीच ठरलेलं असतं. पाठांतर भरपूर, स्वतःचं काही रचायला वाव थोडा. प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं कौतुक होईलच असं नाही. शिवाय शहरातल्या मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती मुलांना तिथे जागा नाही, आणि हे शहर त्यांचंही आहे. म्हणूनच त्या शिबिरांनी बदलावं असं इथे कोणी म्हणत नाही. त्यांची रीत उचलावी आणि आशय मोकळा ठेवावा, एवढंच म्हणणं आहे. आठ-दहा मुलांच्या गटाने पंधरा दिवसांत स्वतः लिहिलेलं अर्ध्या तासाचं नाटक, त्याचं नेपथ्य, त्याचं संगीत. त्यात एखाद्याने भजनी ठेका आणावा, एखादीने भीमगीताची चाल, एखाद्याने कव्वालीची टाळी. हे मिश्रण या शहराच्या हवेत आहेच, त्याला एकत्र जेवायची जागा तेवढी नाही.

दुसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि त्यावर सारवासारव करणाऱ्याच्या हाती मूल देऊच नये. घरापासून दूर, मोठ्या माणसांच्या पूर्ण ताब्यात असलेली मुलं धोक्यात असतात. आळंदीतल्या काही खासगी, नोंदणी नसलेल्या वसतिगृहांमध्ये मुलांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या आणि अशा संस्थांच्या तपासणीची मागणी झाली. कलेच्या क्षेत्राला यातून सूट नाही. गुरूचा शब्द प्रमाण मानणारी परंपरा, अंगाला हात लावून शिकवण्याची रीत, रात्री उशिरापर्यंतच्या तालमी या सगळ्यांत धोका आहे. पण याचं उत्तर शिबिरं बंद करणं हे नाही. ज्या घरांत जागा नाही, त्यांच्या मुलांना मग फक्त रस्ता उरतो. उत्तर नियमांत आहे आणि नियम अवघड नाहीत. मुलांसोबत कधीही एकटा मोठा माणूस नको, किमान दोन हवेत. मुलींच्या निवासात रात्री दोन स्त्रिया हव्यात. झोपायची खोली आणि तालमीची खोली वेगळी, तालमीचं दार उघडं. शिकवणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी. रोज संध्याकाळी घरी फोन, आणि तो फोन करताना शिक्षक शेजारी उभा नको. पालकांना न सांगता केव्हाही येण्याची मुभा. 2012च्या पॉक्सो कायद्यात काय आहे हे पहिल्याच दिवशी मुलांना त्यांच्या भाषेत सांगणं. पालिकेच्या शाळेच्या इमारतीत, वस्तीच्या मधोमध, शेजारच्या घरांतून दिसणाऱ्या मैदानावर होणारं शिबिर हे गावाबाहेरच्या फार्महाऊसवरच्या ‘ॲडव्हेंचर कॅम्प’पेक्षा यातले बरेच नियम आपोआप पाळतं. हजार डोळे असलेली गल्ली हाच सर्वांत स्वस्त पहारा.

मुलींचा प्रश्न याच्याच पोटात आहे. वारकरी शिबिरं बहुतांशी मुलांची, मुलींसाठी निराळी निघतात पण तुलनेने थोडी. वस्तीतल्या मुलीला दिवसाच्या मेंदीच्या क्लासला परवानगी मिळते, रात्रीच्या मुक्कामाला नाही. घरापासून पाच मिनिटांवरच्या शाळेत मुक्काम असेल, आईची पोळ्या लाटायची पाळी तिथेच असेल, तर हे ‘नाही’ बरंच सैल होतं. म्हणून जागा वस्तीतलीच हवी. माथेरान-पाचगणीची हवा नको.

तिसरा आक्षेप मात्र विचार करायला लावणारा आहे. रत्नाकर मतकरी यांनी 2014मध्ये ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीने ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. वस्त्यांमधली मुलं स्वतःच्या जगण्यावर नाटकं लिहू लागली, ती रंगमंचावर आली, आणि त्यासाठी कोणाला मुक्काम करावा लागला नाही. मग निवासाचा एवढा आग्रह का? कारण ठाण्यात मुक्काम मुलांनी केला नाही, कार्यकर्त्यांनी केला. ते वर्षभर वस्त्यांत जात-येत राहिले, मुलांची नावं-गावं-भांडणं त्यांना ठाऊक होती. वर्षभर अशी माणसं मिळत असतील तर निवासी शिबिराची गरज उरत नाही, हे कबूल. पण अशी माणसं पगारावर ठेवता येत नाहीत आणि मागणीनुसार पुरवता येत नाहीत. पंधरा दिवसांचा मुक्काम ही त्या मानाने गरिबाची युक्ती आहे: थोड्या दिवसांत दाट सहवास. आणि सुट्टी ही सुट्टीच असू द्या, मुलांना लोळू द्या, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगता येईल, की दीड महिन्यातले पंधरा दिवस गेले तरी लोळायला महिना उरतो. आणि पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात लोळणं हे काही फार सुख नसतं.

पैसा आणि पाणी यांचा हिशेब न मांडता असे प्रस्ताव देणं ही हौस झाली. चाळीस मुलं आणि पंधरा दिवस धरू. दोन वेळची जेवणं म्हणजे तीस पंगती. एका कुटुंबाने किंवा मंडळाने एक पंगत उचलली तर तीस अन्नदाते लागतात. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला जी मंडळं शेकडो माणसं जेवू घालतात, त्यांच्यासाठी चाळीस पोरांची आमटी-भाकरी ही किरकोळ गोष्ट आहे. अडचण आहे ती पाण्याची. जायकवाडीतून येणारं पाणी या शहरात अनेक दिवसांच्या खंडाने मिळतं. नव्या योजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020मध्ये झालं, पण पुंडलिकनगरच्या जलकुंभावर पाण्यासाठी होणारी आंदोलनं शहराला नवी नाहीत. माणशी 100 लिटर धरलं तरी चाळीस मुलांना दिवसाला चार हजार लिटर लागतात, म्हणजे रोज एक लहान टँकर. हा टँकर महापालिकेने दिला पाहिजे, आणि तोच तिचा मुख्य खर्च. इमारत तिची स्वतःची आहे आणि मे महिन्यात तिला कुलूप असतं. शिकवायला नाट्यशास्त्र आणि चित्रकलेचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी हवेत आणि त्यांच्यासोबत एखादा मुरलेला पखवाजिया, एखादा शाहीर, हिमरूच्या मागावर बसलेला एखादा विणकर. लोककलांची प्रशिक्षण शिबिरं राज्याचं सांस्कृतिक कार्य संचालनालय एरवीही घेतच असतं. त्यांतलं एक मुलांसाठी, वस्तीत घ्यायला कोणता नियम आड येतो? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना ठेवा म्हणतं. ते दहा दिवस कागदावर भरून काढण्याऐवजी या पंधरांत मोजता आले तर शाळाही यात ओढल्या जातील.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र नको. मुलांनी केलेलं नाटक, वाजवलेला ठेका, रंगवलेला पडदा हे सगळं शाळेच्या मैदानावर, अन्नदात्या तीस घरांसमोर, संध्याकाळी सातला. ज्यांनी जेवू घातलं त्यांनाच ते दाखवायचं. वाईट झालं तर ते तोंडावर सांगतील, तेवढा त्यांचा हक्क आहे.

महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतो.  त्याआधी गारखेडा परिसरात राहणाऱ्या वाचकांनी आपल्या प्रभागासाठी एवढीच मागणी लेखी करावी: मे महिन्यात एका शाळेची किल्ली आणि पंधरा दिवस रोज एक टँकर. उरलेलं, म्हणजे पंगती, पहारा आणि शिकवणारी माणसं, वस्तीने जमवायचं आहे, आणि त्याची यादी आत्तापासून करायला हरकत नाही.